बहिणीने तक्रार मागे का घेतली

पिंपळगाव राजात अजूनही असं सांगतात, की माझ्या बहिणीची बियाण्याची तक्रार खोटी होती, म्हणून निकालाच्या तोंडावर तिने ती मागे घेतली. सांगणारे वाईट लोक नाहीत. त्यांना जे दिसलं त्यावरून कोणीही तेच म्हणेल. एक बाई बुलढाण्याला ग्राहक आयोगात जाते, गावभर सांगते की आता कागद घेऊनच येते, आणि एक दिवस स्वतः सही करून तक्रार काढून घेते. बाजू खरी असती तर कोण असं करतं?

तिची बाजू खरी होती. सही मी करून घेतली. का करून घेतली, ते बरीच वर्षं माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. आता माझं वय असं आहे की हे आणखी पुढे ढकलणं म्हणजे न सांगणंच.

मी दिवाणी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. वकील नव्हतो, पण गावाकडच्या लोकांना तो फरक फारसा कळत नसे आणि मीही तो कधी समजावून सांगितला नाही. निवृत्तीनंतर बुलढाण्यातच राहिलो. कोणाची वाटणी, कोणाची नोटीस, कोणाचा वारसाचा दाखला, लोक यायचे. मी चष्मा लावून कागद वाचायचो आणि प्रत्येकाला एक वाक्य हमखास ऐकवायचो: वाचल्याशिवाय, पाहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलं होतं की बायको मागून ते माझ्याआधी पुटपुटायची.

बहीण माझ्याहून धाकटी. लग्न करून पिंपळगाव राजाला गेली, नवरा लवकर गेला, आणि तेव्हापासून भाजीपाल्याचं शेत तिने एकटीने सांभाळलं. पोटापाण्याची ददात नव्हती. विहिरीला पाणी होतं, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं काही ना काही सतत बाजारात जात होतं. पण तिचं नाव होतं ते मिरचीच्या रोपासाठी. उन्हाळा संपत आला की ती गादीवाफ्यावर बी टाकायची, आणि तिच्या हातचं रोप म्हणजे काडीसारखं ताठ, काळसर हिरवं. स्वतःची लावण झाली की उरलेलं रोप ती ओळखीच्या बायांना द्यायची. विकायची नाही. आमच्याकडे उरलेल्या रोपाचे पैसे कोणी घेत नाही. ज्या बाईने रोप नेलं, ती पहिल्या तोड्याची ओंजळभर मिरची आणून देणारणीच्या ओट्यावर ठेवते. तेवढीच त्याची फेड. पावसाळा सरता सरता बहिणीच्या ओट्यावर अशा ओंजळींचे ढीग लागायचे. ती त्यातली मिरची घरात न नेता दिवसभर तशीच ठेवायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून.

त्या वर्षी उन्हाळ्यात ती भाजीची थैली घेऊन आमच्याकडे आली. चहा व्हायच्या आतच म्हणाली, "दादा, खामगावचा दुकानदार म्हन्ते, त्या कंपनीच्या मिरचीचं बी पाहिजे असन त संगं ही औषधाची बाटलीई घ्या. नाई त बी संपलं. आता मले ते बाटली काय देवापुढं ठेवाची हाये?"

"नको घेऊ," मी म्हणालो.

"मंग बी कुठून आनू? तुह्या मोबाईलवर भेटते काय, पाह्य बरं."

मी पाहिलं. मिळत होतं. तेच पाकीट, तोच लाल-हिरवा रंग, आणि दुकानापेक्षा स्वस्त. ते स्वस्त असणं मला खटकायला हवं होतं. मला ते माझं कर्तृत्व वाटलं.

"पाहून घेजो हो," ती म्हणाली. "मोबाईलवर खोटंई येते म्हन्ते."

"मी कोर्टात होतो बाई. मले कोन फसवते?"

पार्सल माझ्या पत्त्यावर, माझ्या नावाने आलं. पाकिटं चकचकीत होती, वर चमकणारी चौकोनी पट्टी होती, मागे लॉट नंबर छापलेला होता. मी ती टेबलावर ओळीने मांडली आणि फोटो काढला. त्याच वेळी ॲपने विचारलं, माल कसा वाटला? पाच तारे होते, पाचही दाबले. खाली लिहायला जागा होती. मला शुद्ध मराठी लिहायची हौस फार. लिहिलं: "अस्सल कंपनीचा माल. सीलबंद पाकिटे, वेळेवर पोहोच. शेतकरी बांधवांनी निर्धास्तपणे घ्यावा."

पुढे ॲप मधूनमधून कळवू लागलं, की आणखी कोणाला तरी तुमचा अभिप्राय उपयोगी वाटला. जेवताना मी ते बायकोला वाचून दाखवायचो.

तिने एकदा विचारलं, "बी उगवलं काय अजून?"

"अजून टाकलंच नाही."

"मंग अस्सल हाये हे कसं समजलं तुमाले?"

"तुले काय कळते त्यातलं," मी म्हणालो आणि भाजी वाढून मागितली.

बी उगवलं. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. रोपं दिसायलाही चांगली झाली. ॲपवर माल परत करायची मुदत असते, ती मिरचीचं बी मातीतून डोकं वर काढायच्या आतच संपते. पावसानंतर बहिणीने लावण केली, उरलेलं रोप नेहमीसारखं बायांना दिलं, आणि रिकामं पाकीट काठीला अडकवून मिरचीच्या वावराच्या कडेला रोवलं. हे सगळेच करतात. कोणतं वाण लावलं ते वाटेवरून जाणाऱ्याला कळावं म्हणून. पावसाने पाकीट गळू नये म्हणून तिने त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली.

मग मिरची धरायला लागली. एक झाड कमरेएवढं, त्याला फळच नाही. एकाला आभाळाकडे तोंड करून बसलेल्या बुटक्या मिरच्या. एकाला फिक्या, जाड, भोपळी मिरचीची सावत्र बहीण असावी तशा. चावलं तर तिखटाचा पत्ता नाही. बाजारात व्यापारी हात लावेना.

रोप नेलेल्या बायांनी रीत मोडली नाही. पहिला तोडा झाला तशी एकेक जण ओंजळ घेऊन आली. मी त्या दिवशी पिंपळगावलाच होतो, म्हणून हे पाहिलं. शेताला लागून जिचं शेत, ती शेजारीण सगळ्यांत शेवटी आली. हिने सगळ्यांत जास्त रोप नेलं होतं. तिने ओंजळ ओट्यावर ओतली. त्यात एक मिरची दुसरीसारखी नव्हती.

"घे माय, तुह्या हातची मिरची," ती म्हणाली. "हिले आंदी तिखट लाव, मंग खाय."

दुसऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एक म्हणाली, "आवं, चांगलं बी सोतासाठी ठेवलं असन, आपल्याले चाळन देलं."

"माह्या वावरात येऊन पाहा न मंग," बहीण म्हणाली.

"पाह्यलं. तुह्यं वावर मोठं हाये, तुले चालते. माहं सगळं तेवढंच होतं."

बहिणीने त्या दिवशी मिरची ओट्यावरून उचलली नाही. पण ती दिसावी म्हणून नव्हे. तिला हातच लावता येईना.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "दादा, याच्यावर कायद्यात काही हाये काय?"

आहे, मी म्हणालो. आणि खरोखर होतं. मी बुलढाण्याला परतलो तो पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखा. तालुक्याच्या तक्रार समितीकडे अर्ज दिला. कृषी खात्याची माणसं वावरात आली, झाडं पाहिली, पंचनामा केला आणि लिहून दिलं की झाडांत भेसळ आहे, दोष बियाण्यात आहे, मशागतीत नाही. ज्या कंपनीचं नाव पाकिटावर होतं तिचा माणूस आला. त्याने काठीवरचं पाकीट काढलं, प्लास्टिकमुळे लॉट नंबर शाबूत होता, तो त्याने फोनवर विचारला. कंपनीने नंतर लेखी कळवलं: हा लॉट आमचा नाही, हे पाकीट नक्कल आहे. याहून भक्कम पुरावा मी माझ्या सगळ्या नोकरीत फार थोड्या प्रकरणांत पाहिला होता.

मी तिला समजावून सांगितलं. वकील लावायची गरज नाही. विकणारा दुसऱ्या राज्यातल्या कुठल्या तरी गाळ्यात बसलेला असला तरी त्याच्यामागे तिकडे जायचं नाही, तू जिथे राहतेस त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. बी पोटापाण्याच्या शेतीसाठी घेतलं, म्हणून तू ग्राहकच. ॲपवाली कंपनी म्हणेल, आम्ही फक्त बाजार भरवतो, माल आमचा नाही. पण बाजाराचा ठेकेदार बसायच्या जागेची पावती फाडतो, तर दुकान कोणाचं, कुठलं, याची माहिती ठेवणं आणि तक्रारीची दाद घेणं त्याच्यावरही येतं. म्हणून दोघांनाही विरुद्ध पक्षकार करू.

"मले नुकसानी भेटली नाई भेटली, चालन," ती म्हणाली. "माह्या हातानं मिरची बिघडली नाई, बीच खोटं होतं, एवढं मले सरकारी कागदावर पाहिजे. तो कागद मी ओट्यावर ठेवतो. मंग येऊ दे त्यायले."

तक्रार मी लिहिली. चांगली लिहिली. बिल माझ्या नावावर आहे याची सोय कायद्यात होती. घेणाऱ्याच्या संमतीने जो वस्तू वापरतो तोही ग्राहकच असतो. तक्रारीत मी फक्त एवढं लिहिलं, की माल भावामार्फत मागवला. आणि तक्रार दाखल करायच्या आदल्या दिवशी ॲप उघडून माझा अभिप्राय पुसून टाकला. पाच तारे गेले, शेतकरी बांधव गेले. मला वाटलं, झालं.

विकणाऱ्याचं उत्तर आलं ते इंग्रजीत होतं. आयोगाच्या व्हरांड्यात बाकावर बसून मी ते बहिणीला मराठीत करून सांगत होतो. ती मांडीवर थैली घेऊन ऐकत होती. आरोप अमान्य. लागवड चुकली असेल. पाणी जास्त झालं असेल. मग एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं, की खरेदीदाराने माल मिळाल्यावर तो अस्सल असल्याचं स्वतः जाहीरपणे लिहून दिलं, इतरांनाही तो घेण्याची शिफारस केली, आणि तक्रारीच्या तोंडावर तो मजकूर पुसला. सोबत माझ्या मजकुराचा फोटो जोडला होता. माझं नाव, पाच तारे, टेबलावर ओळीने मांडलेली पाकिटं. मागे आमच्या घरातलं कॅलेंडरसुद्धा दिसत होतं.

तो परिच्छेद मी ओलांडला. पुढचा वाचला.

"अजून काय लिवलं?" तिने विचारलं.

"तेच ते. वकिली भाषा."

आत पुकारा झाला. ती उभी राहिली आणि तिच्या भाषेत, न घाबरता, सगळं बोलली. मिरची कशी निघाली, बाया काय म्हणाल्या, सगळं. अध्यक्षांनी मधे तोडलं नाही. कागद चाळून त्यांनी विचारलं, "बाई, बिल तुमच्या नावावर नाही. ज्यांच्या नावावर आहे, त्यांचं शपथपत्र हवं. माल तुमच्यासाठी मागवला होता का, आणि समोरच्यांनी उत्तरात जे म्हटलं आहे त्यावर त्यांचं काय म्हणणं आहे, एवढं पुढच्या तारखेला द्या. ते आहेत ना?"

मी मागच्या बाकावर होतो. शेजारी दोन वकील बसले होते, मला चांगले ओळखणारे. पुढच्या टेबलाशी कारकून होता, त्याला मी कधीकाळी काम शिकवलं होतं. बहीण मागे वळली, तिचा चेहरा उजळला होता, आणि तिने हात वर केला, "साहेब, तो त..."

मी मान हलवली. नाही म्हणून. तिचा हात तसाच राहिला.

"देतो साहेब," ती म्हणाली.

बाहेर येताच तिने विचारलं, "काऊन रे दादा, बोलू काऊन नाई देलं?"

"मधी बोलू नये. तिथली एक पद्धत असते."

"पद्धत काय डोंबलाची! ते विचारून राह्यले ना. एक कागदच त पाहिजे. तू लिवून देजो, झालं."

एक कागद. एक पान. मी बी मागवलं, बहिणीसाठी मागवलं, अभिप्राय बी पेरण्याआधी केवळ पाकीट पाहून लिहिला. तीन वाक्यं. आयोगाने ती वाचली असती आणि कंपनीच्या पत्रापुढे माझ्या पाच ताऱ्यांना काडीची किंमत दिली नसती, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ते पान सगळ्यांसमोर वाचलं गेलं असतं. न पाहता सही करू नका असं आयुष्यभर लोकांना सांगणारा अधीक्षक न पाहता पाच तारे देतो, आणि अंगाशी आल्यावर पुसून टाकतो, हे चहाच्या टपरीवर गेलं असतं. दोन दिवस हसले असते. फार तर तीन. मी त्याची इतर कारणं शोधून पाहिली आहेत, प्रकृतीचं, वयाचं, कोर्टाच्या कटकटीचं. ती खोटी आहेत. लोकांनी मला हसू नये, एवढंच कारण होतं.

पुढच्या तारखेच्या आधी मी पिंपळगावला गेलो आणि तिला सांगितलं की तक्रार टिकत नाही. बिल माझ्या नावावर, त्यामुळे कायद्याने तू ग्राहकच नाहीस. अंगावर येईल. खोटी तक्रार केली म्हणून दंड बसेल. दंडाचं मी मनाने घातलं.

ती मिरच्या निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग आंदी काऊन नाई सांगतलं?"

"तेव्हा लक्षात आलं नाही."

"तुह्या?" तिने आता वर पाहिलं. "तुह्या लक्षात नाई आलं?"

मी चष्मा काढून पुसू लागलो. ती पुन्हा मिरच्यांकडे वळून म्हणाली, "तू म्हन्तं त असन तसंच. मले कुठं वाचता येते इंग्रजी."

तक्रार मागे घेत असल्याची पुरसीस मी घरूनच टाईप करून आणली होती. तिने सही केली. पुढच्या तारखेला ती आयोगात दिली. अध्यक्षांनी तिला विचारलं, स्वखुशीने मागे घेता? ती हो म्हणाली. मी त्या दिवशी मागच्या बाकावरही नव्हतो. व्हरांड्यात होतो.

पुढचं गावाने केलं, पण गावाला दोष देता येत नाही. ती रिकाम्या हाताने परत आली, तेव्हा शेजारीण म्हणाली म्हणे, "सरकारनं पाह्यलं असन मिरचीकडं, त्यालेई समजलं कोनाचा हात हाये त."

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीने खामगावहून, बाटलीसकट, खात्रीचं बी आणलं आणि सवयीप्रमाणे जास्तीचं रोप टाकलं. लावण झाली. उरलेलं रोप न्यायला कोणी आलं नाही. बाया नर्सरीतून ट्रेमधलं रोप विकत आणू लागल्या होत्या. वाफ्यात रोप वाढत गेलं, एकमेकांत गुंतलं, पिवळं पडलं. मी गेलो होतो तेव्हा ते तसंच होतं. मी म्हणालो, उपटून टाक. ती म्हणाली, "राहू दे. कोनी येईन." नंतर तिनेच ते उपटून उकिरड्यावर टाकलं आणि त्या वर्षापासून जास्तीचं रोप टाकणं बंद केलं.

मी गप्प राहिलो. अजून गप्पच राहिलो असतो. पण मध्यंतरी आमच्या गल्लीतली एक सून माझ्याकडे आली. तिने मोबाईलवरून नावाजलेल्या कंपनीचा मिक्सर मागवला होता, तो नकली निघाला, पहिल्याच आठवड्यात जळाला आणि तिचा हात भाजला. बिल नवऱ्याच्या नावावर होतं. नवऱ्यानेही पाच तारे देऊन ठेवले होते. विकणाऱ्याने उत्तरात तेच जोडलं. नवरा माझ्यासमोर बसून हसला, म्हणाला, "काका, मी त सगळ्यालेच पाच देतो. वाचतो कोन?" आणि तेवढंच शपथपत्रात लिहून द्यायला सांगितलं. मी लिहिलं. आयोगाने ते मानलं, विकणाऱ्यालाही धरलं आणि ॲपवाल्या कंपनीलाही. आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, की वस्तू नकली होती आणि वापरणारीची काही चूक नव्हती.

वापरणारीची काही चूक नव्हती. हेच वाक्य माझ्या बहिणीला हवं होतं. त्या नवऱ्याला आपले पाच तारे कबूल करताना लाज वाटली नाही आणि त्याचं काही बिघडलंही नाही. तो आदेश मी त्यांच्या घरी वाचून दाखवला, पेढा घेतला, तो घरी येऊन फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलो. बहीण वांग्याच्या वावरात होती. मी बांधावर बसलो आणि सगळं सांगितलं. पाच तारे, पुसणं, ओलांडलेला परिच्छेद, मनाने घातलेला दंड. ती उभ्याने ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "अन् मी तुले इचारलं होतं, अजून काय लिवलं."

"हो."

"तेव्हा तू म्हनला, तेच ते."

"हो."

मी म्हणालो, आता पुन्हा तक्रार करता येईल का पाहतो. ते म्हणतानाच मला माहीत होतं की येणार नाही. मुदत दोन वर्षांची, ती कधीच उलटली. उशीर माफ व्हायला सबळ कारण लागतं, आणि स्वतःच्या सहीने मागे घेतलेल्या तक्रारीला भावाची लाज हे कारण कोण मानणार? तीही ओळखून होती. "राहू दे तुह्या तक्रारी," ती म्हणाली. मग बांधापलीकडे निंदत असलेल्या शेजारणीकडे पाहून म्हणाली, "मले सांगतलं ते तिले सांग."

मी हाक मारली. शेजारीण विळा घेऊनच बांधाशी आली. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी उभं राहून. बी खोटं होतं, कंपनीने लिहून दिलं होतं, बहिणीच्या हाताचा दोष नव्हता, केस तिने भिऊन मागे घेतली नाही, मी घ्यायला लावली, कारण माझी फजिती झाली असती. मला वाटलं होतं की हे सांगितलं की निदान तिच्या माथ्यावरचं उतरेल.

शेजारणीने नीट ऐकलं. विळ्याच्या पात्याची माती अंगठ्याने पुसली.

"म्हंजे बी तुमीच आनलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"अन् चांगलं हाये म्हनून लिवलंई तुमीच."

"हो."

ती माझ्या बहिणीकडे वळली. "बाई, मंग एकच झालं ना. तुह्या घरचंच."

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. बऱ्याच दिवसांचं एक कोडं सुटलं, एवढाच भाव होता. मला तेव्हा कळलं की तिला जे माझ्या तोंडून पुरेसं वाटलं नाही, ते आयोगाच्या शिक्क्याखाली पुरेसं वाटलं असतं. तिथे बोलणारा परका होता, त्याला कोणाचं घर झाकायचं नव्हतं. मी बोललो तो भाऊ म्हणून बोललो, आणि भाऊ काय, बहिणीसाठी काहीही बोलेल, किंवा बहिणीइतकाच दोषी असेल. दोन्हीकडून माझी बहीण होती तिथेच राहिली.

मी बहिणीकडे पाहिलं. तिने काहीतरी म्हणावं, रागावावं, शेजारणीला नाही तर मला तरी बोलावं, असं वाटत होतं. तिने पदर कमरेला खोचला.

"हाव," ती म्हणाली, "एकच झालं." आणि वांग्याच्या ओळीत शिरली.

मी बांधावर उभा होतो. ती एकेक झाड वाकवून किडकी वांगी तोडून बाजूला टाकत पुढे जात होती आणि मागे पाहत नव्हती. शेजारीणही आपल्या वावरात परत निघाली. चार पावलं जाऊन थांबली आणि मला म्हणाली, "भाऊ, बुलढाण्याची गाडी निघून जाईन तुमची."